राजीनामा १४ जुलैला दिला, तर नोटीस पिरियडचा शेवटचा दिवस कोणता?

सांजवारा
नमस्कार मंडळी. एका खाजगी कंपनीत साडेतीन वर्षं नोकरी करते आहे. मंगळवारी, १४ जुलै २०२६ ला सकाळी, मॅनेजर आणि एचआर या दोघांना एकाच ईमेलने राजीनामा पाठवला. दुपारी एचआरचं उत्तर आलं, 'मेल मिळाला, मॅनेजरशी बोलून कळवतो.' मॅनेजर तेव्हा रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी २२ तारखेला पोर्टलवर मंजुरी दिली आणि आता पोर्टल शेवटचा दिवस २० सप्टेंबर दाखवतंय. तो तर रविवार आहे.

नियुक्तीपत्रात 'दोन महिने' लिहिलंय, एचआर पॉलिसीत 'साठ दिवस'. मी मोजते तेव्हा कधी १२ सप्टेंबर येतो, कधी १४. नवीन ठिकाणी १६ सप्टेंबरला रुजू व्हायचंय आणि रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) असल्याशिवाय ते घेणार नाहीत. यातली बरोबर तारीख कोणती? आणि ती कंपनीकडून मान्य कशी करून घ्यायची? टीम चांगली आहे, शेवटचे दिवस वादात घालवायची इच्छा नाही.

पाऊलखूण
नियुक्तीपत्रातलं आणि पॉलिसीतलं वाक्य जसंच्या तसं इथे टाका. कंपनीचं नाव काढून. 'दोन महिने' एवढ्यावरून कोणीच नीट सांगू शकणार नाही.

सांजवारा
नियुक्तीपत्र (मूळ इंग्रजीत आहे, मराठीत देते): 'दोघांपैकी कोणताही पक्ष दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन, किंवा कमी पडणाऱ्या काळाचं मूळ वेतन देऊन, ही नोकरी संपवू शकेल.'
पॉलिसी: 'कर्मचाऱ्याने राजीनामा सादर केल्यापासून साठ दिवसांचा नोटीस पिरियड लागू राहील.'
मंजुरीबद्दल दोन्हीकडे एक शब्द नाही.

रेघोट्या
मी एचआरमध्येच आहे, त्यामुळे २० सप्टेंबर कुठून आला ते सांगते. बहुतेक पोर्टलमध्ये नोटीस पिरियडचं गणित मंजुरीच्या तारखेला जोडलेलं असतं. मॅनेजरने बटण दाबलं की सिस्टीम तिथून साठ दिवस पुढे जाते. २२ जुलै सोडून मोजा: जुलैचे ९, ऑगस्टचे ३१, म्हणजे ४० झाले, आणि उरलेले २० सप्टेंबरचे. रविवार आहे की सुट्टी हे सिस्टीम बघत नाही. कोणी मुद्दाम तारीख पुढे ढकललेली नसते. एचआर ती तारीख हाताने बदलू शकतं, तशी सोय असते. फक्त बदलायला आम्हाला कागद लागतो. तुमच्याकडे १४ तारखेचं ईमेल आहे आणि त्यावर एचआरची पोचही आहे. एवढं पुरे.

जुनाकागद
आस्थापना विभागात माझी नोकरी गेली. राजीनाम्यांच्या फायली पुष्कळ हाताळल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोटीस कुठून सुरू होते, हा पहिला प्रश्न. नोटीस ही समोरच्याला दिलेली सूचना आहे. ती त्याच्या हाती पडली की सुरू झाली. मॅनेजर रजेवर होते ही कंपनीची अंतर्गत बाब. तुमचं ईमेल १४ तारखेला कंपनीला मिळालं आणि एचआरने ते लेखी कबूल केलं. त्यांचीच पॉलिसी 'सादर केल्यापासून' म्हणते, 'मंजूर झाल्यापासून' म्हणत नाही. त्यामुळे २० सप्टेंबरला त्यांच्याच कागदात आधार नाही.

दुसरा प्रश्न, तो पहिला दिवस धरायचा की सोडायचा? सोडायचा. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ मध्ये केंद्रीय कायद्यांपुरता हा नियम लिहिला आहे: अमुक तारखे'पासून' म्हटलं की ती तारीख वगळून मोजायचं. खाजगी करारांना ते कलम थेट लागू नसलं तरी मोजण्याची रूढ पद्धत तीच. १४ जुलैला सकाळी मेल गेलं, तेव्हा त्या दिवसाचा काही भाग आधीच संपला होता, मग तो दिवस नोटिशीत कसा धरणार? म्हणून पहिला दिवस १५ जुलै.

आता महिने की दिवस. खरा घोळ इथे आहे, आणि लोक 'दोन महिने म्हणजे साठच दिवस' असं गृहीत धरून पुढे जातात. महिना म्हणजे तीस दिवस नव्हे. त्याच कायद्याच्या कलम ३(३५) मध्ये महिन्याची व्याख्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे दिली आहे. २०१० मध्ये हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'तीन महिने' म्हणजे ९० दिवस नव्हेत, असं स्पष्ट सांगितलं. प्रकरण लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याच्या मुदतीचं होतं, पण महिना मोजायची रीत तीच: ज्या तारखेला सुरुवात, पुढच्या महिन्यांतल्या त्याच तारखेला शेवट. म्हणून १४ जुलैपासून दोन महिने १४ सप्टेंबरला संपतात.

साठ दिवस मोजायचे तर जुलैचे १७, ऑगस्टचे ३१, असे ४८, आणि सप्टेंबरचे १२. म्हणजे १२ सप्टेंबर. जुलै आणि ऑगस्ट लागोपाठ एकतीस दिवसांचे आहेत, म्हणून दोन दिवसांचा फरक पडला. दरवेळी महिनेच लांब पडतात असंही नाही. ३१ डिसेंबर २०२६ ला नोटीस दिली तर दोन महिने २८ फेब्रुवारीला संपतील (३१ फेब्रुवारी नसतो, मग महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा), आणि साठ दिवस १ मार्चला.

सांजवाराताई, तुमच्या दोन्ही तारखा बरोबर आहेत. एक नियुक्तीपत्राप्रमाणे, दुसरी पॉलिसीप्रमाणे. दोहोंत विसंगती असेल तर तुमच्या सहीचं नियुक्तीपत्र भारी, असं मी मानतो. १६ ला रुजू व्हायचं तर १४ सप्टेंबर तुम्हालाही चालतो. तोच मागा. दोन दिवसांसाठी १२ चा हट्ट धरू नका, कारण १४ वर कंपनीला बोलायला जागाच उरत नाही.

पाऊलखूण
१४ सप्टेंबर २०२६ ला गणेश चतुर्थी आहे. ऑफिस बंद. मग?

जुनाकागद
नोटीस पिरियडमध्ये रविवार, सण, सगळं मोजलं जातं. मधे सुट्टी आली म्हणून नोटीस लांबत नाही आणि शेवटी सुट्टी आली म्हणूनही लांबत नाही. १४ ला सेवा संपेल, एवढंच. लॅपटॉप, ओळखपत्र वगैरे आधीच्या कामाच्या दिवशी जमा करायचं. मात्र पत्रात 'कामाचे साठ दिवस' असा शब्द असेल तर हिशोब एकदम वेगळा. पाच दिवसांच्या आठवड्यात कामाचे ६० दिवस म्हणजे सरळ बारा आठवडे, कॅलेंडरचे ८४ दिवस, सणांच्या सुट्ट्या आणखी वेगळ्या. असा शब्द क्वचित दिसतो, पण दिसतो. सही करण्याआधी बघावा.

निळीशाई
माझा वेगळा अनुभव. आमच्याकडे एचआर ठामपणे सांगतं की राजीनामा 'स्वीकारला' जात नाही तोवर तो राजीनामाच नाही. माझ्या सहकाऱ्याचा राजीनामा मॅनेजरने तीन आठवडे तसाच ठेवला आणि मग तिथून नव्वद दिवस मोजले. बिचाऱ्याची पुढची ऑफर गेली. हे कायद्याने चालतं का?

कलमदान
वकिली करते, कामगार न्यायालयात जाणं-येणं असतं. निळीशाई, यात सरकारी आणि खाजगी अशी सरमिसळ होते. सरकारी पदाचा राजीनामा सक्षम अधिकाऱ्याने स्वीकारल्यावर लागू होतो. चौकशी चालू असेल, बंधपत्राचे पैसे बाकी असतील तर तो रोखताही येतो. खाजगी नोकरीत करारानेच तुम्हाला 'इतकी नोटीस देऊन सोडू शकाल' असा हक्क दिलेला असतो. तो वापरायला समोरच्याची संमती लागत नाही, जोवर करारात किंवा कंपनीच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या अटींच्या अधिकृत नियमांत) 'स्वीकृतीनंतरच' असं लिहिलेलं नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या पत्रात तसं नसेल तर ते तीन आठवडे नोटिशीतच मोजले जायला हवे होते.

स्वीकृतीचा एक फायदा मात्र कर्मचाऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो लोकांना माहीत नसतो. राजीनामा लागू होण्याआधी तो मागे घेता येतो. १९७८ च्या गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे तत्त्व मांडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीतही तसंच झालं. डिसेंबर २०१३ मध्ये त्याने राजीनामा दिला होता, मे २०१४ मध्ये मागे घेतला. मधल्या काळात कोकण रेल्वेने त्याला कामावर हजर व्हायला कळवलं होतं आणि स्वीकृतीचं पत्र त्याच्यापर्यंत पोचल्याचा पुरावा नव्हता. न्यायालयाने राजीनामा मागे घेतल्याचं ग्राह्य धरलं आणि त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. त्यामुळे ज्यांना मनात अजून थोडी शंका आहे त्यांनी 'आजच्या आज कार्यमुक्त करा' असं लिहू नये. पुढची तारीख घालून लिहावं.

रेघोट्या
कलमदान यांच्याशी सहमत. एक व्यवहाराची गोष्ट जोडते. राजीनाम्याच्या ईमेलमध्येच तारीख लिहा: 'नियुक्तीपत्रातील अमुक कलमानुसार माझ्या सेवेचा शेवटचा दिवस अमुक तारीख राहील.' बहुतेक लोक नुसतं 'मी राजीनामा देत आहे, कृपया स्वीकारावा' लिहितात आणि तारीख ठरवायचं काम आपणहून आमच्या हाती देतात. मेलमध्ये तारीख असली की आम्हाला ती खोडायला कारण द्यावं लागतं. आणि मेल ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवताना स्वतःच्या खाजगी पत्त्यावर प्रत ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचं ईमेल बंद होतं आणि त्यासोबत तुमचा पुरावाही.

निळीशाई
आणि शनिवारी रात्री मेल टाकलं तर? आमच्याकडे एकाने मुद्दाम महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री टाकलं होतं.

कलमदान
वर जुनाकागद यांनी सांगितलेल्या हिमाचलच्या खटल्यातच याचं उत्तर सापडतं. निवाड्याची प्रत कार्यालयाच्या सुट्टीच्या दिवशी, शनिवारी, तिथल्या एका शिपाई दर्जाच्या माणसाच्या हातात दिली गेली होती. न्यायालयाने ती सोमवारी मिळाली असं धरलं. ईमेलला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण वाद झाला तर कंपनी हेच म्हणेल. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत पाठवा आणि पोच मागून घ्या.

वाटसरू
मला नोटीस कमी करून हवी आहे. पत्रात ९० दिवस, नवीन कंपनी ७० च्या वर थांबायला तयार नाही. २० दिवसांचे पैसे भरायचे तर हिशोब मूळ वेतनावर की पूर्ण पगारावर? एचआर पूर्ण पगार म्हणतंय.

जुनाकागद
पत्रात काय शब्द आहे? धागाकर्तीच्या पत्रात 'मूळ वेतन' आहे, तुमच्यात 'वेतन' किंवा 'ग्रॉस' असू शकेल. फरक मोठा पडतो. समजा पूर्ण पगार ६०,००० आणि मूळ वेतन ३०,०००. महिना तीस दिवसांचा धरला तर २० दिवसांचे पूर्ण पगाराने ४०,००० होतात, मूळ वेतनाने २०,०००. पत्रात 'मूळ' लिहिलेलं असताना पूर्ण पगार मागितला जात असेल तर त्या कलमाकडे बोट दाखवून लेखी विचारा.

आधी शिल्लक रजा बघा. बऱ्याच कंपन्या अर्जित रजा नोटिशीतून वजा करायला तयार होतात, म्हणजे २० पैकी १२ दिवस रजेत गेले तर पैसे फक्त ८ दिवसांचे. काही कंपन्या उलट करतात, नोटीस चालू असताना घेतलेली रजा शेवटी जोडून तारीख पुढे नेतात. दोन्ही गोष्टी पॉलिसीवर अवलंबून आहेत, त्यामुळे आजारपण सोडून नोटिशीत रजा घेण्याआधी विचारून घ्यावं. बिनपगारी रजेने तर तारीख जवळजवळ नक्की सरकते.

आणि 'पैसे भरून सोडा' हा पर्याय कोणाच्या हातात आहे तेही वाचा. धागाकर्तीच्या पत्रात तो दोन्ही पक्षांना आहे. काही पत्रांत 'कंपनीच्या संमतीने' असं शेपूट असतं. तसं असेल तर पैसे टेबलावर ठेवून निघता येत नाही, संमती घ्यावी लागते.

रेघोट्या
करांचं थोडं. कापून घेतलेल्या नोटीस पेवर कंपनीने जीएसटी लावला तर हरकत घ्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक १७८, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलंय की त्यावर जीएसटी लागत नाही. दुसरं, नवीन कंपनीने तुमचे बायआउटचे, म्हणजे नोटीस कमी करण्यासाठी भरायचे, पैसे भरून दिले तर ती रक्कम सहसा तुमच्या पगारात धरून त्यावर आयकर कापतात. ४०,००० देऊ म्हणाले तर हातात तेवढे पडणार नाहीत, हे बोलणी करतानाच लक्षात ठेवा.

वाटसरू
आणि सरळ २० दिवस आधी निघून गेलो तर? मित्र म्हणतो, कोणी कोर्टात जात नाही.

कलमदान
जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही, हे खरं. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय बळाने पाळायला लावत नाही, १९६३ च्या विशिष्ट सहाय कायद्याचा तो जुना सिद्धान्त आहे. पण नुकसानभरपाई मागता येते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत न्यायालयाला वाजवी वाटेल तेवढी रक्कम. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी न करता सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. तिथे सार्वजनिक बँकेला नव्याने जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करावी लागते हा मुद्दा महत्त्वाचा होता, त्यामुळे प्रत्येक खाजगी कंपनीचा प्रत्येक बाँड चालेल असा त्याचा अर्थ नाही. तरी 'असल्या अटींना कोर्टात काही किंमत नाही' हा समज आता सोडून द्यायला हवा.

कोर्टापेक्षा रोजचा त्रास मोठा. रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली जात नाही, नव्या ठिकाणच्या पडताळणीत 'न सांगता गेले' अशी नोंद जाते. पीएफची तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः ऑनलाइन भरता येते, पण बाकीच्या दोन गोष्टींना असा सोपा उपाय नाही. २० दिवसांचे पैसे भरा आणि सरळ मार्गाने निघा, असाच सल्ला देईन.

फळाखडू
मी अनुदानित खाजगी माध्यमिक शाळेत कायम शिक्षिका आहे. आमच्याकडे ना एचआर, ना पोर्टल. संस्थेचे सचिव म्हणाले, 'लिहून द्या, बघू.' जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड झाली आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं आहे. आम्हाला हेच नियम लागू का?

जुनाकागद
नाही, तुमचे नियम वेगळे आणि जास्त काटेकोर. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी नियमावली १९८१, नियम ४०. कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एका महिन्याची. व्यवस्थापनाने लवकर सोडायचं मान्य केलं तर कमी पडलेल्या काळाचं वेतन भरायचं, तेही भत्ते वगळून. संस्थेने नोटीस किंवा पैसे न घेता सोडलं तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, म्हणून सचिव मनात असूनही सहज सोडू शकत नाहीत.

तुमच्या दृष्टीने कळीचा भाग पुढे आहे. सुट्टीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याने दीर्घ सुट्टीत राजीनाम्याची नोटीस देऊ नये, आणि नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येऊ नये. पहिलं सत्र सुरू झाल्यापासून एक महिन्याच्या आतही नोटीस देता येत नाही. म्हणजे जूनच्या मध्याला शाळा सुरू झाली असेल तर नोटीस द्यायची खिडकी जुलैच्या मध्यानंतर उघडते, आणि तीन महिने दिवाळीच्या सुट्टीआधी संपायला हवेत. आज-उद्या दिली तर ऑक्टोबरच्या शेवटी संपेल. या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आहे, त्यामुळे बसतं. दोन आठवडे थांबलात तर नोटीस सुट्टीत शिरेल. शाळेच्या वेळापत्रकातली सुट्टीची पहिली तारीख आजच बघून घ्या.

पद्धतही कायद्यात दिली आहे. ही नियमावली ज्या १९७७ च्या अधिनियमाखाली आहे, त्याचं कलम ७: राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने, दुसरी आपल्याजवळ. सचिवांच्या हातात कागद दिला असला तरी पोस्टाने पाठवाच. शिक्षकाकडून दबावाने लिहून घेतलेले राजीनामे हा जुना प्रश्न आहे, ही तरतूद शिक्षकाच्या रक्षणाची आहे.

फळाखडू
हे कोणीच सांगितलं नव्हतं. उद्या सकाळीच पोस्टात जाते. आणि जिल्हा परिषदेत जाताना इथली आधीची सेवा पकडली जाईल का?

जुनाकागद
त्याला आधी संस्थेकडून परवानगी घेऊन, 'योग्य मार्गाने' अर्ज केलेला असावा लागतो. साधा राजीनामा दिला की मागची सेवा गमावण्याचा धोका असतो. परवानगीने दुसऱ्या शासकीय किंवा निमशासकीय पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा वेगळा धरतात. अर्जाच्या वेळचं ना-हरकत पत्र असेल तर राजीनाम्यात त्याचा क्रमांक आणि दिनांक जरूर लिहा, आणि 'अमुक पदावर नियुक्ती झाल्याने' हे कारणही. नोटीस पाठवण्याआधी शिक्षणाधिकारी कार्यालयातही विचारून या, पण उशीर करू नका.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एचआरला लिहिलं. नियुक्तीपत्रातलं कलम, पॉलिसीतलं 'सादर केल्यापासून' हे वाक्य, १४ जुलैचं ईमेल आणि त्यांची पोच, सगळं एकाच मेलमध्ये जोडलं आणि शेवटचा दिवस १४ सप्टेंबर करावा अशी विनंती केली. आज उत्तर आलं. १४ मान्य. तो सुट्टीचा दिवस, त्याआधी शनिवार-रविवार, म्हणून सामान शुक्रवारी ११ ला जमा करायचं आणि रिलीव्हिंग लेटर १५ ला ईमेलने मिळेल. मॅनेजरचाही फोन आला. ते म्हणाले, पोर्टल असं मोजतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटच्या पगाराचं मात्र 'पंचेचाळीस दिवसांत' म्हणाले.

कलमदान
छान झालं. पगाराबद्दल: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्याचं वेतनसुद्धा दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. पूर्वीच्या १९३६ च्या कायद्यात हा नियम मालकाने काढून टाकलेल्यांपुरता होता. अजून बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत जुनेच पंचेचाळीस दिवस राहिले आहेत. सौम्य शब्दांत कलमाची आठवण करून द्या.

अबोली
धागा पहिल्यापासून वाचला. माझा प्रश्न ग्रॅच्युइटीचा. १ नोव्हेंबर २०२१ ला रुजू झाले, कायम नोकरी, नोटीस ९० दिवस, आठवडा पाच दिवसांचा. या शुक्रवारी ३१ जुलैला राजीनामा देणार आहे, म्हणजे ३१ ऑक्टोबरला तीन महिने आणि पाच वर्षं एकदमच पूर्ण होतील. बरोबर ना?

जुनाकागद
थांबा! शुक्रवारी देऊ नका. तुमच्या पत्रात ९० दिवस आहेत, तीन महिने नव्हेत. ३१ जुलै सोडून मोजा: ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, असे ६१, आणि ऑक्टोबरचे २९. सेवा २९ ऑक्टोबरला संपेल. पाच वर्षं ३१ ऑक्टोबरला भरतात. दोन दिवस कमी.

अबोली
बाप रे. पण पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तरी चालतं असं वाचलं होतं.

कलमदान
मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निर्णय आहे आणि लोक त्याचा आधार घेतात. पण कंपनीने नाही म्हटलं तर ग्रॅच्युइटीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागत बसावं लागेल. नवीन सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, तुम्ही कायम आहात, तुम्हाला पाच वर्षंच लागू. तुमच्याकडे अजून तारीख हातात आहे, मग वादात का शिरायचं?

अबोली
मग सोमवारी, ३ ऑगस्टला देते. मूळ वेतन ४०,००० आहे, महागाई भत्ता नाही. किती होते?

जुनाकागद
मूळ वेतनावर धरलं तर ४०,००० गुणिले १५ भागिले २६, एका वर्षाचे २३,०७७ च्या आसपास, पाच वर्षांचे १,१५,३८५ रुपये. संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा असतो, त्यामुळे तुमचा आकडा यापेक्षा जास्तही येऊ शकेल. पगाराची पावती काढून बघा.

३ ऑगस्टपासून ९० दिवस १ नोव्हेंबरला संपतात. पाच वर्षं भरतात, पण १ नोव्हेंबर रविवार आहे.

रेघोट्या
आणि तिथेच अडकायला होईल. शेवटचा दिवस रविवारी आला की आम्ही एचआरवाले सवयीने 'शेवटचा कामाचा दिवस' शुक्रवार टाकतो. म्हणजे ३० ऑक्टोबर. सिस्टीममध्ये सेवा तिथेच संपते आणि पाच वर्षांना एक दिवस कमी पडतो. कंपनीच्या मनात काही नसतानाही हे होऊ शकतं. अबोली, बुधवारी ५ ऑगस्टला द्या. ऑगस्टचे २६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे ३. मंगळवार, ३ नोव्हेंबर. कामाचा दिवस, पाच वर्षं पूर्ण, मागेपुढे ओढायला जागा नाही. मेलमध्ये ही तारीख स्वतः लिहा. आणि मधे कोणी 'लवकर सोडतो, उरलेल्या दिवसांचे पैसे भरा' म्हणालं तर नाही म्हणा, कारण सेवा कार्यमुक्तीच्या तारखेपर्यंतच मोजतात.

अबोली
लिहून ठेवलं. ५ ऑगस्ट, सकाळी दहाला, ऑफिसच्या पत्त्यावरून, प्रत माझ्या खाजगी ईमेलवर.

जुनाकागद
ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा भरून द्या, फुल अँड फायनलमध्ये (शेवटच्या हिशोबात) आपोआप येईल असं धरू नका. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासकट.